सरकत्या झाकणाची लाकडी पेटी: फळीपासून रंगकामापर्यंत

गंजिफाचे, म्हणजे हाताने रंगवलेले गोल, पत्ते ठेवायला सावंतवाडीत जी रंगीत पेटी करतात तिला सरकतं झाकण असतं. घरी पहिल्यांदा पेटी करणाऱ्याला हीच रचना सोयीची. बिजागरी बसवताना होणारा अर्ध्या मिलीमीटरचा घोळ इथे नाही, कडी-कोयंडा नाही, एकही स्क्रू नाही. अवघड काम एकच, ते म्हणजे झाकण बारा महिने सहज सरकलं पाहिजे. एप्रिलमध्ये छान चालणारं झाकण जुलैत अडकून बसतं, ही या पेटीबद्दलची नेहमीची तक्रार. त्याचं कारण कारागिरीपेक्षा बहुतेक वेळा हिशोबात असतं, म्हणून खालची मापं आधी नीट वाचा, करवत मग उचला.

लाकूड कोणतं

पेटी रंगवायचीच असेल तर सागावर पैसे घालवू नका. सागाची शोभा त्याच्या रेषांत, आणि त्यावर रंग चढवला की ती गेली. शिवण मिळाली तर उत्तम. ती हलकी असते, फारशी वाकत नाही, रंध्याला मऊ लागते आणि रंग चांगला धरते. पांगारा आणखी हलका. सावंतवाडीच्या खेळण्यांना तो वापरतात, पण इतका मऊ असतो की खोबणीच्या कडा लवकर झिजतात. पॅकिंगच्या खोक्यांचं पाइन फुकट मिळतं, मात्र त्याच्या गाठींतून राळ सुटते आणि काही महिन्यांनी रंगावर पिवळे डाग उमटतात. वापरायचंच असेल तर गाठींवर आधी लाखेचे दोन हात द्या. नुसतं पॉलिश करून रेषा दाखवायच्या असतील तेव्हा साग घ्या. पाडलेल्या घराच्या चौकटीतला जुना साग वखारीत मिळाला तर तो नव्यापेक्षा बरा, कारण त्याचं व्हायचं ते आकसणं होऊन गेलेलं असतं. फक्त त्यात मोडलेला खिळा नाही ना, ते लोहचुंबक फिरवून बघा.

फळीच्या कडेला फिकट पट्टा दिसला तर तेवढा भाग कापून टाका. तो झाडाच्या बाहेरच्या बाजूचा रसकाठ असतो आणि भुंगा आधी तिथेच लागतो.

वखारीत माप सांगताना मिलीमीटरपेक्षा सूत सांगितलेलं लवकर कळतं. एक सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग, साधारण ३ मि.मी. बाजूंसाठी चार सुती फळी घेऊन रंधून १० मि.मी.वर आणायला सांगा. झाकणासाठी तीच ८ मि.मी.पर्यंत उतरवून घ्या. घरी आणल्यावर दोन-तीन आठवडे, फळ्यांमध्ये काड्या ठेवून, पंख्याच्या हवेत पडू द्या. उन्हात नको, टोकं तडकतात.

तयार मापं

पेटी बाहेरून २४० × १२० × ७५ मि.मी., आतून २२० × १०० मि.मी. होते.

- लांब बाजू: २४० × ७५ × १०, दोन
- मागची बाजू: १०० × ७५ × १०, एक
- पुढची बाजू: १०० × ६५.५ × १०, एक
- तळ: ४ मि.मी. प्लाय, २२७ × १०७, एक
- झाकण: २३४ × (१०७ च्या आसपास) × ८, एक
- खुंट्या: ३ मि.मी. जाडीच्या बांबूच्या कबाबकाड्या, २८ मि.मी.चे १२ तुकडे

चारही बाजू एकाच ७२० मि.मी. लांब, ७५ रुंद फळीतून काढायच्या. लांब, मागची, लांब, पुढची या क्रमाने कापल्या की लाकडाच्या रेषा तीन कोपऱ्यांवरून अखंड वळतात. पॉलिशच्या पेटीत हे लगेच नजरेत भरतं.

खोबण आधी, काप नंतर

बाजूंच्या आतल्या अंगाला दोन खोबणी लागतात. वरची झाकणासाठी, खालची तळासाठी. दोन्ही ४ मि.मी. रुंद, ४ मि.मी. खोल आणि आपापल्या कडेपासून ५ मि.मी. आत. माप सारखंच असल्याने ट्रिमरची (खोबण पाडायच्या छोट्या विजेच्या यंत्राची) गाइड एकदा लावली की दोन्ही खोबणी होतात. त्या अख्ख्या ७२० मि.मी. फळीवर पाडा, तुकडे केल्यावर नाही. शंभर मि.मी.च्या तुकड्यावर ट्रिमर चालवणं धोक्याचं आहे. तुकडा उसळतो आणि बोटं जवळ असतात. शिवाय फळी अखंड असताना पाडलेल्या खोबणी चारही बाजूंना आपोआप एका पातळीत येतात.

४ मि.मी.चा सरळ बिट लावून एका वेळी २ मि.मी. खोल जा, दोन फेऱ्या करा. एका दमात चार मि.मी. घेतलं तर बारीक बिट तापतो, लाकूड करपतं, कधी बिटच मोडतो. बिटच्या फिरण्याच्या विरुद्ध दिशेने ट्रिमर ढकला. उलट चालवलात तर तो हातातून पळायला बघतो. चष्मा आणि मास्क हवाच.

ट्रिमर नसेल तर वेळ लागेल, पण काम अडत नाही. खोबणीच्या दोन्ही रेषा पट्टी धरून सुरीने कापा, नुसत्या पेन्सिलीने नको. रेषेला लागून एक सरळ लाकडी पट्टी क्लॅम्पने आवळा आणि बारीक दात्यांची करवत तिला टेकवून चालवा. करवतीच्या पात्यावर ४ मि.मी.ला चिकटपट्टी लावली की खोली कळते. मग मधलं लाकूड ३ मि.मी.च्या पटाशीने काढा. शिवणीत हे काम सुखाचं, सागात मनगट दुखतं.

आता तुकडे कापा. शंभरचे दोन तुकडे नेमके सारखे हवेत. शंभराऐवजी दोन्ही साडेनव्व्याण्णव झाले तर बिघडत नाही, तळ आणि झाकण तेवढं कमी करता येतं. एक शंभर आणि दुसरा साडेनव्व्याण्णव झाला तर मात्र झाकण एका टोकाला घट्ट, दुसऱ्याला सैल होणार. दोघांना टेबलावर शेजारी उभं करून टोकांवरून बोट फिरवा. डोळ्याला न दिसणारा फरकही बोटाला लागतो.

पुढच्या तुकड्याची वरची ९.५ मि.मी. पट्टी, खोबणीसकट, कापून टाका. उरलेला ६५.५ मि.मी. खोबणीच्या तळापेक्षा अर्धा मि.मी. खाली राहतो, म्हणून झाकण त्याला न घासता वरून बाहेर येतं.

झाकण किती सैल

लाकूड लांबीत जवळजवळ हलत नाही, रुंदीत हलतं. झाकणाच्या रेषा पेटीच्या लांबीला समांतर ठेवायच्या, म्हणजे फुगणं-आकसणं सगळं १०० मि.मी.च्या बाजूला होतं. आडव्या चिरीच्या सागाच्या फळीत कोरड्या उन्हाळ्यापासून कोकणातल्या भर पावसापर्यंत दर १०० मि.मी. रुंदीमागे साधारण १ मि.मी. फरक पडतो. दोन्ही खोबणींच्या तळातलं अंतर १०८ मि.मी. आहे. झाकण त्याहून किती कमी ठेवायचं हे कापता त्या महिन्यावर ठरतं:

- मार्च ते मे: १०६ ते १०६.५
- जून ते सप्टेंबर: १०७.५
- दिवाळीनंतर, थंडीत: १०७

उन्हाळ्यात दीड-दोन मि.मी. सैल झाकण खुळखुळतं, आणि नवशिक्या ते पाहून वैतागतो. खुळखुळू दे, पावसात ते बरोबर बसेल. पेटी परदेशी, थंडीत हीटर चालणाऱ्या घरात जाणार असेल तर उलटा विचार करा. तिथे लाकूड आपल्या उन्हाळ्यापेक्षाही कोरडं पडू शकतं, तेव्हा झाकण घट्टाकडे झुकलेलं ठेवा.

झाकणाच्या वरच्या अंगाला तीन कडांनी पायरी पाडायची. खाली उरते ती ३.५ मि.मी. जाडीची जीभ, जी ४ मि.मी.च्या खोबणीत फिरते. म्हणजे पायरी ४.५ मि.मी. खोल. दोन लांब कडांना ती ४ मि.मी. रुंद, मागच्या टोकाला ५ मि.मी. पुढच्या टोकाला पायरी नाही. मागच्या टोकाची पायरी आधी पाडा, लांब कडांच्या पायऱ्या नंतर. रेषांना आडवं कापताना कोपऱ्याचा ढलपा उडतो, आणि नंतरच्या पायरीत तो भाग आपोआप निघून जातो. क्रम चुकला तर ढलपा कायमचा.

असं झाकण बंद केल्यावर पेटीच्या काठापेक्षा १ मि.मी. खाली बसतं. हे मुद्दाम ठेवलेलं आहे. पेटीवर पेटी ठेवली तरी झाकणावरचं चित्र घासत नाही.

बोट अडकवायला खाच लागते. पुढच्या टोकापासून १५ मि.मी. आत, २० मि.मी. रुंद, २ मि.मी. खोल अर्धचंद्र गोल पटाशीने कोरा. त्याची सरळ, उभी भिंत पुढच्या बाजूला ठेवा, कारण अंगठा तिलाच रेटणार. गोलाई पुढे ठेवली की बोट घसरतं.

जोडणी

आधी सगळं कोरडं जुळवून बघा, तळासकट. प्लाय ४ मि.मी. म्हणून विकत घेतला तरी भरतो ३.६–३.८, त्यामुळे खोबणीत सहज जातो. झाकण सरकवून बघा. इथे अडत असेल तर सरस लावल्यावर सुटणार नाही.

शंभरच्या तुकड्यांची टोकं आडव्या कापाची असतात, सरस पिऊन टाकतात. म्हणून टोकांना पातळ हात द्या, पाच-दहा मिनिटं थांबा, मग दुसरा हात देऊन जोडा. साग असेल तर त्याआधी टोकं थिनरने पुसून घ्या, कारण सागाचं तेल सरस धरू देत नाही. रंधल्यावर त्याच दिवशी जोडलेलं बरं. लाकूडकामाचा पांढरा सरस पुरेसा आहे.

एक लांब बाजू आडवी ठेवून तिच्यावर पुढची आणि मागची उभी करा, तळ खोबणीत सोडा, मग दुसरी लांब बाजू वर बसवा. हा क्रम उगाच नाही. चौथी बाजू चिकटल्यावर तळ आत घालायची सोय उरत नाही.

क्लॅम्प नसतील तर सायकलच्या जुन्या ट्यूबची दोन सेंमी रुंद लांब पट्टी कापा आणि पेटीभोवती ताणून गुंडाळा. चारही कोपऱ्यांवर सारखा दाब येतो. लगेच कर्ण मोजा. बाहेरून दोन्ही २६८ मि.मी.च्या आसपास आले पाहिजेत, आणि आकड्यापेक्षा महत्त्वाचं म्हणजे दोन्ही सारखे. एक मोठा आला तर त्या दोन कोपऱ्यांना तळव्यांनी दाबा, पुन्हा मोजा. पाच मिनिटांनी हे करायला गेलात तर उशीर झालेला असेल. आत खोबणीजवळ बाहेर आलेला सरस ओल्या फडक्याने आणि काडीने काढा. वाळलेला एक थेंबही झाकण अडवतो.

चोवीस तास तसंच राहू द्या. मग खुंट्या. नुसत्या सरसावर आडव्या कापाचा सांधा भरवशाचा नाही, पेटी हातून पडली की उघडेल. लांब बाजूच्या टोकापासून ५ मि.मी. आत, तळापासून १६, ३६ आणि ५६ मि.मी.वर ३ मि.मी.ची भोकं २५ मि.मी. खोल पाडा. प्रत्येक भोक थोडं तिरकं, आलटून पालटून उजवीकडे-डावीकडे कललेलं. सरळ खुंट्या ओढल्यावर निघू शकतात, तिरक्या एकमेकींना अडवतात. सरसात बुडवून काडी ठोका, वाळल्यावर काठासरशी कापा.

लांब बाजूंच्या टोकांना खोबणींची चौकोनी भोकं दिसतात. मागे चार, पुढे खालची दोन. त्याच लाकडाची ४ × ४ ची काडी करून ती बुजवा, पण भरण ५ मि.मी.पेक्षा लांब नको. जास्त आत गेलं तर झाकणाचे मागचे कोपरे त्याला अडतात आणि झाकण पूर्ण बंद होत नाही. पुढची वरची दोन भोकं अर्थातच उघडी, झाकण तिथूनच निघतं.

घासणं आणि अस्तर

पॉलिश पेपर १२०, मग १८०, मग २४०, कायम रेषांच्या दिशेने. नुसत्या बोटाने घासू नका, लाकडाच्या ठोकळ्याला पेपर गुंडाळा, नाहीतर कडा गोल होतात. १८० नंतर ओल्या फडक्याने एकदा पुसून वाळू द्या. तंतू उभे राहतात ते २४० ने साफ निघतात. ही पायरी गाळली तर ते तंतू पहिल्या रंगाच्या पाण्याने उभे राहतील.

रंगासाठी पांढरं अस्तर लागतं. गंजिफाची जुनी रीत चिंचोक्याच्या खळीची. २५ ग्रॅम चिंचोक्याची पूड थोड्या गार पाण्यात कालवा, ४०० मि.ली. पाण्यात मंद आचेवर पंधरा-वीस मिनिटं ढवळत शिजवा, गाळा. तीत खडूची बारीक पूड मिसळून ब्रशने ओढता येईल इतपत पातळ ठेवा. तीन पातळ हात, प्रत्येक वाळल्यावर ३२० चा पेपर हलकासा. वाळलेल्या अस्तरावर अंगठा घासून बघा. बोट पांढरं झालं तर खळ कमी पडली, वरून नुसत्या खळीचा एक हात द्या. पापुद्रे निघत असतील तर खळ जास्त झाली किंवा थर जाड. मग खरवडून पुन्हा करण्याला पर्याय नाही. खळ दुसऱ्या दिवशी आंबते, उरलेली ठेवू नका. एवढा खटाटोप नको असेल तर बाजारातला अॅक्रिलिक जेसो दोन हात, काम तेवढंच चांगलं होतं.

रंग

झाकणावर काय काढायचं याला गंजिफासारखा तयार खजिना नाही. दशावतारी गंजिफात १० रंगांचे प्रत्येकी १२, असे १२० गोल पत्ते असतात. सावंतवाडीत ही कला संपत आली होती. तिथल्या राजघराण्यातले शिवरामराजे भोसले आणि राणी सत्त्वशीलादेवी यांनी १९७०च्या दशकात तिला पुन्हा उभं केलं. मत्स्याचा मासा, कूर्माचं कासव, परशुरामाचा परशू ही चिन्हं मुळातच लहान गोलात बसतील अशी घडवलेली आहेत. झाकणाच्या मधोमध ७० मि.मी.चं वर्तुळ, त्यात एक चिन्ह, बाजूंना वेल. पहिल्या पेटीला मासा घ्या. त्याचा आकार दोन वळणांत होतो आणि खवल्यांत ब्रशचा सराव होतो. मानवी आकृती मात्र पाचव्या-सहाव्या पेटीपर्यंत लांब ठेवा.

आधी जमिनीचा, म्हणजे पार्श्वभूमीचा रंग, लाल किंवा गडद हिरवा, दोन पातळ हात. मग खडूने आखणी, मोठे आकार सपाट रंगाने भरणं, पिवळ्या रेषा, आणि सगळ्यात शेवटी काळी-पांढरी बाह्यरेषा. बाह्यरेषा आधी काढून आत रंग भरायचा मोह होतो. तसं केलं की रेष झाकली जाते आणि ती पुन्हा ओढावी लागते. सपाट भागाला २ नंबरचा ब्रश, रेषांना ० आणि ००.

काठाची सरळ रेष पट्टी धरून काढू नका, रंग पट्टीखाली झिरपतो. ब्रश अंगठा आणि दोन बोटांत धरा, करंगळी पेटीच्या उभ्या बाजूला टेकवा आणि सगळा हात आपल्याकडे ओढा. करंगळी कडेवरून घसरत येते, ब्रशचं अंतर तेवढंच राहतं. रंग साईइतका पातळ हवा, नाहीतर रेष अर्ध्यात सुकते. सारख्या टिंबांसाठी ब्रश ठेवून द्या, टाचणीचं डोकं रंगात बुडवा.

झाकणाच्या जिभेला, पायरीच्या उभ्या भिंतीला आणि खोबणीत रंग लावू नका. अस्तर आणि रंग मिळून होणारी जाडी तिथली सगळी मोकळीक खाऊन टाकते. रंगवण्याआधी जिभेवर चिकटपट्टी लावून ठेवा.

वरचा हात

इथे हमखास चूक होते. पोस्टर कलर पाण्यात विरघळतो, त्यावर पाण्याचं वॉर्निश फिरवलं की लाल काळ्यात मिसळतो. त्याला लाख द्या. अॅक्रिलिक रंग वाळल्यावर पाण्याला दाद देत नाही, पण स्पिरिटने मऊ पडतो. त्याला पाण्याचं वॉर्निश द्या.

लाखेसाठी ५० ग्रॅम चपडी लाख ४०० मि.ली. स्पिरिटमध्ये रात्रभर भिजवून मलमलीतून गाळा. कापसाची मलमलीत बांधलेली पुरचुंडी बुडवून एकाच दिशेने एकदा ओढा, त्याच जागी परत जाऊ नका. तासाभराच्या अंतराने तीन-चार हात. जवळ शेगडी, उदबत्ती काही नको. पावसाळी हवेत लाख पांढरट पडते, कारण स्पिरिट उडताना थंडावलेल्या पृष्ठभागावर हवेतली ओल बसते. कोरड्या दिवशी पुरचुंडीला अगदी थोडं स्पिरिट लावून वरवर फिरवलं की ते जातं. लाखेच्या पेटीला सॅनिटायझरचा हात लागला तर डाग पडतो, हे ती भेट देताना सांगा.

झाकणाच्या खालच्या अंगालाही लाखेचे तेवढेच हात द्या. वरून रंग-वॉर्निश आणि खालून उघडं लाकूड असलं की खालची बाजू ओल घेते, वरची घेत नाही, आणि झाकण कमान घेतं. पेटीच्या आत मात्र तेलाचं वॉर्निश नको, बंद पेटीत त्याचा वास महिनोन्‌महिने टिकतो. आत खणाचं कापड हवं असेल तर २१८ × ९८ मि.मी.चा पुठ्ठा कापा, कापड चारही बाजूंनी १५ मि.मी. जास्त ठेवून पुठ्ठ्याच्या मागे चिकटवा आणि तो नुसता तळाशी बसवा. मळला तर काढता येतो.

शेवटी जिभेवर मेणबत्ती घासा. शंखजिऱ्याची पूडही चालते. तेल लावू नका, ते काही दिवसांत चिकट होतं.

पावसात झाकण अडलंच तर लगेच रंधा काढू नका. जिभेवर पेन्सिल चोळा, झाकण दोनदा आत-बाहेर करा. जिथली काळी खूण पुसून चकचकीत झाली तिथेच घासतंय. तेवढाच भाग १८० च्या पेपरने दोन-चार वेळा घासून पुन्हा बघा. खूण जिभेच्या वरच्या-खालच्या अंगाला, एकमेकांसमोरच्या दोनच कोपऱ्यांवर आली तर रुंदीचा दोष नाही, झाकणाला पीळ पडलाय. ते काचेवर ठेवून डुगडुगतं का बघा. डुगडुगत असेल तर त्या दोन कोपऱ्यांशी जिभेची जाडी थोडी उतरवा, रुंदीला हात लावू नका.